उंदरांचा जमाखर्च : ओसाका, कुन्नूर, काठी

(भागाची संहिता. बोलताना झालेले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

मागच्या भागात मुंबईच्या प्लेगबद्दल बोलत होतो तेव्हा मधूनमधून बारीक खडखड ऐकू येत होती. माईक खराब नव्हता. त्या माझ्या दोन उंदीरमाद्या होत्या, बंटी आणि भादी. प्लेगचा इतिहास सांगणाऱ्याच्याच खोलीत पाळलेले उंदीर! विनोद मलाही कळतो.

नावांचं आधी सांगून टाकतो. बंटी आणि भादी ही आमच्या सातपुड्यात पिकणाऱ्या बारीक भरडधान्यांची नावं. मी मूळचा काठीचा. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, मोलगीच्या जवळ. काठीची राजवाडी होळी तुम्ही निदान व्हिडिओत पाहिली असेल. इंग्रजांच्या काळात खानदेशात जी छोटी मेवासी संस्थानं होती, त्यातलं हे एक. मी बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. यंदा होळीला घरी जाताना या दोघींना ठेवायला कोणी मिळालं नाही, म्हणून मित्राच्या गाडीतून त्यांना काठीला घेऊन गेलो. आजचा भाग त्या चार दिवसांतून निघाला.

बाबांनी पिंजरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कितीला पडले?"

मी इंजिनिअर माणूस, फोनवर हिशोबाची शीट तयारच होती. जोडी ८०० रुपये. पिंजरा ४,२०० रुपये, कारण स्वस्तातल्या पिंजऱ्यांच्या गजांतून पिल्लं सहज निसटतात. खाणं आणि अंथरायचा कागदाचा भुगा मिळून महिना ९००. म्हणजे दोन वर्षांचे २१,६००. तपासण्यांचे १,२००. आणि बंटीच्या स्तनाची गाठ काढायचं ऑपरेशन, ३,५००. एकूण ३१,३००.

बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या गप्प बसण्यामागे एक वर्ष आहे, १९९४. सप्टेंबरात ते सुरतेला बांधकामावर होते. आमच्याकडून कामाला गुजरातेत जाणं नेहमीचंच, ऊसतोडीला, बांधकामाला. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला होता. त्याच्या आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य पडून होतं, उंदीर माजले होते. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि शहर रिकामं व्हायला लागलं. लाखो माणसं निघाली. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. बाबा मिळेल त्या वाहनाने परत आले, आणि गावाने त्यांना काही दिवस वस्तीबाहेरच ठेवलं. त्या माणसाच्या ओट्यावर मी उंदरांचा पिंजरा आणून ठेवला होता.

मराठीत आपण एक घोळ करून ठेवलाय, तो इथेच सोडवतो. इंग्रजी 'माऊस' आणि 'रॅट', दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. फार तर मोठ्याला घूस म्हणतो, पण ती वेगळीच जात. जगभर पाळला जातो तो तपकिरी उंदीर, रॅटस नॉर्वेजिकस. जुन्या घरांच्या आढ्यात राहणारा, मुंबईच्या प्लेगमध्ये माणसांच्या सगळ्यात जवळ मरून पडलेला, तो बहुतांशी काळा उंदीर, रॅटस रॅटस. 'उंदीर पडायला लागले' की घर सोडून रानात झोपडी घालायची, हे शहाणपण आपल्या आज्या-पणज्यांकडे होतं. शास्त्राला ते सिद्ध करायला वेळ लागला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने एका मोठ्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी निरोगी उंदीर प्लेगने मेला. मधला प्रवास पिसवेने केला होता. पुढे मुंबईत परळला १९०५ पासून प्लेग आयोगाने हेच गिनीपिग वापरून पक्कं केलं. पिसवेच्या उडीच्या टप्प्यात असलेले पिंजरे आणि उडीपलीकडे उंच टांगलेले पिंजरे. खालचे मेले, वरचे वाचले. तो भाग तुम्ही ऐकलाच आहे.

पण उंदीर हौसेने पाळण्याचा इतिहास याहून जुना आहे, आणि तो लंडनात सुरू होत नाही. जपानमध्ये ओसाका शहरात १७७५ साली उंदीर पाळण्यावर एक आख्खं पुस्तक छापलं गेलं. पांढरे, ठिपक्याचे, वेगवेगळ्या रंगांचे उंदीर कसे मिळवायचे, कसे सांभाळायचे. तिथे समृद्धीचा देव दाइकोकु आणि उंदीर यांची जोडी आहे, त्यामुळे घरात पांढरा उंदीर असणं शुभ. गणपतीच्या पायाशी उंदीर ठेवणाऱ्या आपल्याला हे समजायला हरकत नाही. फरक इतकाच, आपण तो मखरात ठेवतो आणि स्वयंपाकघरात दिसला की झाडू घेतो.

इंग्लंडात मात्र पाळीव उंदीर थेट मारेकऱ्याच्या हातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॅक ब्लॅक नावाचा लंडनचा उंदीर पकडणारा स्वतःला राणीचा उंदीर-पकड्या म्हणवून घ्यायचा. नेहमीच्या उंदरांना तो मारायचा किंवा कुत्र्यांसमोर सोडण्याच्या खेळासाठी विकायचा. पण वेगळ्या रंगाचा सापडला की ठेवून घ्यायचा, पैदास करायचा, हौशी लोकांना विकायचा. १९०१ मध्ये मेरी डग्लस या बाईंच्या आग्रहाने एका प्रदर्शनात उंदरांनाही प्रवेश मिळाला आणि बाईंचाच उंदीर पहिला आला. लक्षात घ्या, त्याच काळात मुंबईत माणसं प्लेगने मरत होती. मग १९०६ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या उंदरांची पैदास सुरू झाली. आज जगातल्या प्रयोगशाळांत जे पांढरे उंदीर दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं कूळ तिथे पोचतं.

आता मुख्य गोष्ट. भारतात उंदीर नीट सांभाळायचं शास्त्र कुठे घडलं? निलगिरीत, कुन्नूरला. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला. १९२३ मध्ये सरकारने काटकसर म्हणून ते काम बंद केलं. दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालं आणि वाढत वाढत आज हैदराबादला जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे, ती झाली. काटकसरीत आधी काय कापलं जातं, हे तेव्हाही आजच्यासारखंच होतं.

मॅककॅरिसनचे उंदीर काय खायचे ते ऐका. ताजं लोणी लावलेली गव्हाची चपाती, मोड आलेले हरभरे, कच्चं गाजर, कोबी, दूध, आठवड्यातून एकदा हाडासकट थोडं मटण, आणि भरपूर पाणी. वर स्वच्छ पिंजरा, हवा, ऊन. त्याने लिहून ठेवलंय की या कळपात दोन वर्षांहून जास्त काळ, काही अपघात सोडले, तर आजारपण जवळपास नव्हतंच. बाळंतपणात माद्या दगावत नव्हत्या, पिल्लं दगावत नव्हती. हजाराच्या वर उंदीर! ज्या देशात माणसाच्या घरात हे चित्र नव्हतं, तिथे उंदरांच्या घरात होतं.

मग त्याने देशातल्या सात लोकांची 'ताटं' बनवली : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. एकाच वयाचे, सारख्या वजनाचे उंदीर घेऊन वीस-वीसचे गट केले, प्रत्येक गटाला एक ताट, आणि वजन घेत राहिला. शीख ताटावरचे सगळ्यात भरले, मद्रासी ताटावरचे सगळ्यात मागे. आपलं 'मराठा' ताट तिसरं. खूश होऊ नका. ही क्रमवारी इंग्रजांच्या 'लढाऊ जमाती'च्या यादीशी जरा जास्तच जुळते, आणि 'मराठा ताट' म्हणजे नक्की कोणाच्या घरचं, कोणत्या महिन्यातलं, हे विचारायला हवं. उंदीर खोटं बोलले नाहीत. कमी दूध, कमी भाजी आणि सडलेला भात यांनी वाढ खुंटते हे खरंच निघालं. पण ताटं माणसाने निवडली होती. त्या सातांत सातपुड्याचं ताट नव्हतं. ज्वारी, मका, मोर, बंटी, भादी, रानभाज्या, यांवर वीस उंदीर कोणी पाळले नाहीत.

आणखी एक प्रयोग त्याने केला, गरीब इंग्रज कामगाराचं ताट. मैद्याचा पाव, मार्गरीन, गोड चहा, डब्यातलं मटण, जॅम, शिजवून गाळ केलेली भाजी. ते उंदीर वाढले नाहीत, एकमेकांशी पटेना, सांभाळणाऱ्यांना चावायला लागले, आणि शेवटी दुबळ्यांना मारून खायला लागले. माझ्या पहिल्या नोकरीतल्या हॉस्टेलची मेस आठवली, असो.

तर काठीला परत. तिसऱ्या दिवशी सकाळी, होळीची धामधूम उतरल्यावर, मी ओट्यावर स्वयंपाकाचा वजनकाटा मांडून बंटी-भादीचं वजन घेत होतो. दर रविवारी घेतो. उंदीर आजार लपवतो, म्हणून आधी वजन बोलतं. एकटा ठेवला तर झुरतो, म्हणून कायम जोडी, तीही एकाच लिंगाची. नर-मादी ठेवलात तर तीन आठवड्यांत पिंजऱ्यात दहा-बारा जण होतील. दात जन्मभर वाढतात, कुरतडायला लाकूड द्यावं लागतं. अंथरूण ओलं राहिलं तर मुताच्या वाफेने छाती भरते. घाम येत नाही, अंगातली उष्णता शेपटीवाटे निघते, त्यामुळे ३० अंशांच्या वर मी पिंजऱ्याशेजारी बर्फाची बाटली ठेवतो. आणि एवढं करून आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, फार तर तीन. हे सगळं मी आत्याला सांगत होतो. आत्या अंगणवाडीत मदतनीस आहे.

तिने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "उंदराला दवाखाना?" आणि आत निघून गेली होती. आता शेजारी बसून वहीत डोकावली. माझ्या वहीत तारीख आणि ग्रॅम. तिच्या रजिस्टरात तारीख आणि किलो. आमच्या जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे. आत्या ती मुलं नावाने ओळखते. राज्य सरकारने २०१५ पासून अमृत आहार योजना आणली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस जेवण, पुढे मुलांना अंडी. त्या एका थाळीचा खर्च काही वर्षं ३५ रुपये धरला गेला. माझ्या शीटमध्ये दोन उंदरांचा रोजचा खर्च ३० रुपये निघतो. मी हे तिला सांगितलं नाही. तिने स्वतःच ९०० ला ३० ने भागलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पैसे तुझे आहेत, तू कमावतोस."

मला वाटलं, आता ऐकवणार. मी मनात उत्तरं जुळवत होतो. की मी उंदीर पाळले नसते तरी ते ३० रुपये काठीला पोचले नसते. ते खरंय, आणि म्हणूनच ते उत्तर मला आवडत नाही. तसा मी दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. पण हिशोबाची शीट फक्त उंदरांची ठेवतो, हेही त्याच वेळी लक्षात आलं.

आत्याने बंटीला उचललं. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन, तान्ह्या बाळाला झोळीत घालताना धरतात तसं. मी कोणालाच असं शिकवलेलं नाही. लोक शेपटीला धरतात. काट्यावर ठेवलं. २९८ ग्रॅम.

"मागच्या वेळी?"

"३१६."

तिने टाक्यांच्या जागेजवळ बोट फिरवलं, मग काखेखाली. थांबली. माझं बोट धरून तिथे ठेवलं. मटारच्या दाण्याएवढं काहीतरी कातडीखाली सरकत होतं.

"परत आलंय," ती म्हणाली. "आठवड्याला अठरा ग्रॅम म्हणजे लई झालं. पुण्याला गेलास की आधी दाखव."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी कणगीतून ओंजळभर बंटी काढून कागदात बांधून दिली. धान्य बंटी. पिंजऱ्याकडे बघून विचारलं, "खाते का ती हे?"

खाते. आवडीने खाते.