शाळेतील परिचारिका आणि तिच्या अधिकाराची रेघ

शाळेतील परिचारिकेने खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधली, तर कोणी हरकत घेत नाही. तिने रोगाचे नाव सांगून स्वतःच औषध ठरवले, तर मात्र घेतात. ही रेघ कशी ओढली गेली, हे समजण्यासाठी तुम्हाला न्यूयॉर्क शहराचा इतिहास पाहावा लागेल.

1897 मध्ये तेथील आरोग्य खात्याने शाळांसाठी 150 डॉक्टर निरीक्षक नेमले. खरूज, नायटा, उवा, खुपऱ्या आढळल्या की मुलाला घरी पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. उपचार करायचे नाहीत. आमच्या अभियांत्रिकीच्या भाषेत, तपासणी चोख आणि दुरुस्ती शून्य! स्थलांतरितांच्या वस्तीत अनेक आयांना शाळेची चिठ्ठी वाचताच येत नसे. घरी पाठवलेले मूल संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळे.

हेन्री स्ट्रीट सेटलमेंटच्या लिलियन वॉल्ड यांनी ऑक्टोबर 1902 मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभराच्या प्रयोगासाठी दिले. चार शाळा, सुमारे दहा हजार मुले. येथे नीट लक्ष द्या. निदान डॉक्टरांचेच राहिले आणि कशावर काय लावायचे तेही त्यांनीच ठरवून दिलेले. त्या चौकटीत रॉजर्स जखमा धूत, मलम लावत, घरी जाऊन आईला समजावत. प्रयोग यशस्वी ठरला आणि आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर 1902 मध्ये 10,567 मुलांना शाळेतून घरी पाठवले होते. सप्टेंबर 1903 मध्ये 1,101. माझ्या मते, ही मर्यादा पाळली म्हणूनच डॉक्टरांनी हे काम चालू दिले.

पुढे रेघ कागदावर पक्की झाली. 1955 मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने परिचर्येची नमुना व्याख्या केली, तीत निदान आणि औषधयोजना स्पष्टपणे वगळली. पण शाळेत डॉक्टर नसताना पोट धरून बसलेल्या मुलाला घरी पाठवायचे की रुग्णालयात, हे ठरवायला आजार थोडाफार ओळखावाच लागतो. ती ओळख म्हणजे निदान नव्हे तर काय? 1969 मध्ये डेन्व्हरच्या शाळांतील परिचारिकांना कोलोरॅडो विद्यापीठाने तपासणीचे आणि किरकोळ आजार हाताळण्याचे जादा प्रशिक्षण देणे सुरू केले. 1971 मध्ये आयडाहो राज्याने अशा प्रगत परिचारिकांना निदान व उपचाराची कायदेशीर मुभा दिली.

नंतर वाद उलट्या बाजूने आला. मधुमेही विद्यार्थ्याला डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार इन्सुलिन परिचारिकेनेच टोचावे की प्रशिक्षित शिक्षकानेही? या वेळी रेघेचे रक्षण परिचारिकांची संघटना करत होती. 2013 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल तिच्या विरोधात दिला.