फिशटँक : पाणी बदलणे व स्वच्छता

घरच्या फिशटँकमध्ये साठलेली घाण उपसून पाण्याचा काही भाग ठरावीक दिवसांनी बदलण्याची देखभाल. पाणी नितळ दिसते म्हणून ते माशांना मानवतेच असे नाही. सर्वांत घातक द्रव्ये रंगहीन असतात आणि पाण्यात विरघळलेली असतात. म्हणून पाणी गढूळ होण्याची वाट पाहू नये.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजूनही तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व त्याचे पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. असे जिवाणू प्रत्यक्ष वेगळे काढण्याचे काम १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने केले. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो, तर नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पण ते साचत जाते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता समतोल साधल्याचे नोंदवले होते. आजच्या बैठकीच्या खोलीतल्या टाकीत मासे दाटीने असतात आणि वनस्पती बहुधा प्लॅस्टिकच्या. तिथे पाणी बदलणे हाच भरवशाचा उपाय आहे.

अनेक घरांत मासे बादलीत काढून टाकी, खडी आणि फिल्टर साबणाने घासतात व नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरतात. ही पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी. तिने उपयुक्त जिवाणूंची वस्तीच धुऊन जाते आणि ती पुन्हा जमायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्या काळात अमोनिया वाढत राहतो. शिवाय साबणाचा अंशही कल्ल्यांना बाधतो. टाकी लख्ख केल्यावर दोन-चार दिवसांत मासे दगावतात, तेव्हा बोल दुकानातल्या माशांना लागतो. खरे कारण बहुधा ही धुलाईच असते.

साधारण टाकीत आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे पुरते. ६० × ३० × ३० सेंटिमीटर टाकीची क्षमता ५४ लिटर, म्हणजे हे काम एका बादलीचे. आधी हीटर व फिल्टर बंद करावेत. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. काचेवरचे शेवाळ स्पंजने पुसून घ्यावे. मग सायफनच्या नळीचे तोंड खडीत खुपसून तळाचा मैला पाण्याबरोबर ओढून घ्यावा. मासे टाकीतच राहू द्यावेत. फिल्टरचा स्पंज याच उपसलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, नळाखाली धरू नये.

नव्या पाण्यात मुख्य अडचण क्लोरीनची. ते कल्ल्यांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारक असते. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवले, त्यात एअर पंप सोडला, तर क्लोरीन उडून जाते. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचे ‘हायपो’, वापरतात. पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असल्यास नुसते ठेवून भागत नाही. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसले तरी ते बरेचदा जड असते. आरओचे पाणी उलट जवळजवळ क्षारहीन असते, म्हणून ते निव्वळ न भरता नळाच्या पाण्यात मिसळावे. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात एक-दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

उन्हाळ्यात पातळी उतरली की नुसती भर घालणे पुरेसे नाही, कारण बाष्पीभवनात पाणीच जाते. क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. महिनोन्‌महिने दुर्लक्षित टाकीत पाण्याचा सामू (pH) हळूहळू खाली येतो आणि साचलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो. अशा टाकीत एकदम निम्मे पाणी बदलले तर सामू चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी होते. तिथे रोज थोडे थोडे बदलत जावे.

गोड्या पाण्याच्या टाकीतून उपसलेले पाणी कुंड्यांना उत्तम, फक्त त्यात औषध वा मीठ घातलेले नसावे. नकोसे मासे, गोगलगायी किंवा पाणवनस्पती मात्र नाल्यात, तलावात वा विहिरीत सोडू नयेत. टाक्यांसाठी आणलेला दक्षिण अमेरिकी सकरमाउथ मासा असाच भारतातल्या नद्या-तलावांत पसरला आहे.