विषदगडाची कुळकथा

सतराव्या शतकातली गोष्ट. गोव्याच्या आर्चबिशपांकडे एक फ्रेंच जवाहिऱ्या जेवायला आला होता. त्याचे नाव झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये. हिऱ्यांच्या व्यापारापायी त्याने हिंदुस्थानच्या अनेक वाऱ्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर आर्चबिशपांनी त्याला आपला दुर्मिळ वस्तूंचा संग्रह दाखवला आणि त्यातला एक दगड काढून त्याचे गुण सांगायला सुरुवात केली. तीनच दिवसांपूर्वी साष्टीतल्या दलदलीतून त्यांची पालखी चालली असताना उघड्या अंगाच्या एका भोयाला साप चावला होता. हा दगड जखमेवर लावला आणि भोई लगेच बरा झाला. एवढे सांगून आर्चबिशपांनी तो दगड पाहुण्याला भेट देऊन टाकला.

ताव्हेर्नियेचा व्यवसायच दगड पारखण्याचा. त्याच्या प्रवासाचे पुस्तक १६७६ साली छापले गेले. त्यात या दगडाचे वर्णन सापडते: आकाराने नाण्याएवढा, काही लंबगोल, मध्ये जाड आणि कडेला पातळ. हा सापाच्या डोक्यात तयार होतो असे लोक सांगत, पण जवाहिऱ्याला ते पटले नाही. हे दगड दीवच्या ब्राह्मणांकडेच विकत मिळतात, त्या अर्थी तेच काही औषधी मिसळून ते बनवत असावेत, असा त्याने कयास बांधला. त्यातला निम्मा भाग खरा निघाला. वस्तू बनवलेलीच होती, पण तिच्यात औषध नव्हते.

सापाच्या डोक्यातल्या मण्याची कल्पना फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त रत्नांची परीक्षा सांगितली आहे. तिथे सापाच्या मस्तकावर भुंग्याच्या किंवा मोराच्या कंठाच्या रंगाचा, दिव्याच्या ज्योतीसारखा चमकणारा मणी असतो ‘म्हणे’, असा उल्लेख येतो. तो धारण करणाऱ्या राजाला विषाची आणि रोगाची बाधा होत नाही आणि त्याच्या राज्यात पाऊस पडतो, हेही त्यापुढे आहे. म्हणजे मणी आधी कल्पनेत होता, लोकांना हवा होता, आणि बाजारात तो मागाहून आला. गारुड्याच्या पोतडीतून निघणारा काळा खडा विकला जायचा तो या जुन्या पुण्याईवर.

गोव्यात तर विष उतरवणाऱ्या दगडांची पेठच होती. गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. बकऱ्याच्या पोटात सापडणाऱ्या बेझोआर खड्यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. असले अस्सल खडे दुर्मिळ आणि महाग. म्हणून पुढच्या शतकात गास्पार आंतोनियो नावाच्या जेझुइट बंधूने गोव्यातच कस्तुरी, अंबर आणि इतर द्रव्ये एकत्र मळून, वर सोन्याचा वर्ख चढवून तसे गोळे बनवायला घेतले. ‘गोवा स्टोन’ या नावाने ते युरोपात पोहोचले आणि सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपले गेले. सापाचा काळा दगड याच वाटेने समुद्रापार गेला. त्याला सोन्याची डबी मिळाली नाही, पण आयुष्य मात्र त्यालाच जास्त लाभले.

त्याचे कारण त्याच्या कसोट्यांत आहे. ताव्हेर्नियेने अस्सल दगड ओळखण्याच्या दोन खुणा दिल्या आहेत. एक, तोंडात धरला की तो टाळ्याला चिकटतो. दुसरी, पाण्यात टाकला की पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात. तिसरी गोष्ट वापरानंतरची. जखमेवर ठेवला की दगड चिकटून बसतो, ‘विष पिऊन’ झाले की आपोआप गळून पडतो. मग तो दुधात टाकायचा. दुधाचा रंग पालटतो आणि धुतलेला दगड पुन्हा कामाला तयार होतो.

यातले एकही निरीक्षण खोटे नाही. दगड खरोखर चिकटतो, बुडबुडे येतात, दगड गळतो, दूधही रंग बदलते. मात्र या सगळ्याला विष लागत नाही, बारीक छिद्रे पुरतात. कोरी पणती जिभेला लावली तर ती चिकटते, तसेच हे. सच्छिद्र वस्तू ओलावा शोषून घेते आणि शोषताना चिकटून राहते. पाण्यात तिच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते, तेच बुडबुडे. रक्ताने छिद्रे भरली की पकड सुटते. दुधात जे उतरते ते प्यायलेले रक्त.

हा दगड युरोपात गेला तेव्हा तिथल्या विद्वानांत दोन तट पडले. रोममधला जेझुइट पंडित अथानासिउस किर्खर याने साप चावलेल्या कुत्र्यावर दगड लावून पाहिला आणि कुत्रा वाचल्याचे १६६७ साली आपल्या चीनविषयक ग्रंथात लिहिले. फ्लॉरेन्सला तस्कनीच्या दरबारात फ्रान्सेस्को रेदी नावाचा वैद्य होता. पूर्वेकडून परतलेल्या तीन फ्रान्सिस्कन साधूंनी १६६२ साली असेच दगड दरबारात आणले होते. रेदीने ते कोंबड्यांवर पारखले. कोंबड्या मेल्या. १६७१ साली त्याने हे सारे पत्ररूपाने छापले, आणि पत्र लिहिले ते थेट किर्खरलाच.

रेदीची योग्यता इथे सांगितली पाहिजे. कुजक्या मांसात किडे आपोआप होत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून होतात, हे १६६८ साली दाखवणारा तो हाच. त्याआधी १६६४ साली त्याने सापाच्या विषाबद्दल आणखी मोलाची गोष्ट दाखवून दिली होती. हे विष म्हणजे दातांतून येणारा पिवळसर द्रव असतो आणि तो रक्तात मिसळला तरच घात करतो. विषदगडाचा निकाल खरे तर या वाक्यातच लागला होता, कारण विष रक्तात गेल्यावर कातडीवरचा दगड करणार काय? किर्खरच्या पदरात एक वाचलेला कुत्रा होता, रेदीकडे मेलेल्या कोंबड्या. लोकांनी कुत्रा लक्षात ठेवला.

दगडाचा प्रवास त्यामुळे थांबला नाही. अठराव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातले डच शेतकरी मलबारहून येणारे विषदगड चढ्या भावाने घेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबेर्ग १७७०च्या दशकात तिथे होता. त्याने नोंदवलेल्या कसोट्या ताव्हेर्नियेच्याच: टाळ्याला चिकटणे, पाण्यातले बुडबुडे, शेवटी दूध. शंभर वर्षांत एकाही कसोटीत भर पडली नव्हती.

या वस्तूचे कूळ अखेर उलगडले ते श्रीलंकेत मिळालेल्या एका दगडावरून. जेम्स इमर्सन टेनंट हा सिलोनमधला ब्रिटिश अधिकारी. १८५९ साली छापलेल्या ‘सिलोन’ या ग्रंथात त्याने मित्राने पाहिलेला प्रसंग दिला आहे. मार्च १८५४ मध्ये बिंतेन्नेजवळच्या रानवाटेवर एका तमिळ माणसाने नाग हाताने धरला आणि नाग त्याच्या बोटाला डसला. रक्त आले, कळा सुरू झाल्या. त्याच्या सोबत्याने लहान बदामाएवढे, काळेभोर, झिलई असलेले दोन दगड काढून जखमेवर ठेवले. ते घट्ट चिकटले, रक्त शोषत राहिले आणि काही मिनिटांनी गळून पडले. माणूस बरा झालेला दिसला. त्या मित्राने दगड मिळवले आणि टेनंटने त्यांतला एक तपासणीसाठी मायकेल फॅरडेकडे पाठवला. विद्युतशास्त्रातला तोच फॅरडे.

फॅरडेने तो जाळून पाहिला. तापवताच पाणी आणि अमोनिया सुटला. उघड्या हवेत कोळसा जळून गेला आणि मागे पांढरी राख राहिली, तीही दगडाचा मूळ आकार धरून. राख जवळजवळ सगळी कॅल्शियम फॉस्फेटची. निष्कर्ष सरळ होता: हा दगड नाही, जाळून कोळसा केलेले हाड आहे. बहुधा ते रक्ताने अनेकदा भरले होते आणि पुन्हा काळजीपूर्वक भाजले होते.

कृतीही टेनंटनेच दिली आहे, मेक्सिकोत फिरलेल्या हार्डी नावाच्या प्रवाशाच्या पुस्तकातून. हरणाच्या शिंगाचा हवा तेवढा तुकडा घ्यावा, गवतात गुंडाळावा, वरून तांब्याचा पातळ पत्रा घट्ट लपेटावा आणि हे पुडके कोळशाच्या विस्तवात ठेवावे. हवा लागत नसल्यामुळे शिंगाची राख होत नाही. ते आकार न सोडता आतून काळे आणि सच्छिद्र होते. दीवपासून मेक्सिकोपर्यंत गुपित हे एवढेच.

हाडाच्या कोळशाची कामगिरी खरीही आहे. एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्यांनी रसाचा रंग काढायला तो वापरला. पाण्यातला फ्लोराइड काढायलाही तो चालतो. विष पोटात गेलेल्या रोग्याला डॉक्टर आजही कोळशाची पूड पाजतात, पण ती हाडाची नव्हे, खास प्रक्रिया केलेली. तेव्हा कोळसा विष धरतो ही समजूत निराधार नाही. पण तो धरतो ते त्याला भेटलेले विष. पोटात विष आणि कोळसा एकत्र येतात. घोणशीचे विष मात्र पोकळ दातांतून सुईसारखे मांसात खोल सोडले जाते आणि तिथून शरीरभर पसरू लागते. वर ठेवलेल्या खड्याला मिळतात ते जखमेच्या तोंडचे रक्ताचे चार थेंब.

मग माणसे बरी होतात ती कशी? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. अशा माणसाला काहीही लावले तरी तो वाचतो आणि श्रेय दगडाला जाते. जो वाचत नाही, त्याच्याबाबत ‘उशिरा आणला’ हे उत्तर तयार असते. साष्टीच्या त्या भोयाला चावलेला साप कोणता, हे आर्चबिशपांनी सांगितल्याचे ताव्हेर्नियेच्या पुस्तकात नाही.

विसाव्या शतकात हाच खडा मिशनऱ्यांच्या हातून ‘काळा दगड’ म्हणून आफ्रिकेत पसरला. गाईच्या हाडाचे तुकडे विस्तवात भाजून तो घरोघरी बनवता येऊ लागला. अखेर उंदरांवर रीतसर प्रयोग झाला आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापला गेला: आफ्रिकी सापांच्या विषावर दगडाचा उपयोग शून्य. रेदीच्या कोंबड्यांनी तीनशे छत्तीस वर्षांपूर्वी दिलेले उत्तर तेच होते.

आपल्या देवघरातल्या काळ्या शाळिग्रामाची गंमत याच्या उलटी आहे. गंडकीच्या पात्रातला शाळिग्राम म्हणजे प्राचीन सागरी जीवाचा निसर्गाने केलेला दगड. विषदगड म्हणजे जनावराच्या हाडाचा माणसाने केलेला दगड. पण शाळिग्राम पुजल्याने कुणाचा जीव जात नाही. विषदगड लावून बसल्याने जातो, कारण तो वेळ खातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज संशोधकांनी २०२० साली मांडला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

खरा उतारा १८९५च्या सुमारास फ्रान्समध्ये अल्बेर काल्मेतने तयार केला. आज तो घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतो. आपल्या देशात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते यासाठीही. दवाखान्यातली एक कसोटीही पाहण्यासारखी आहे. रोग्याचे २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी कलती केली आणि रक्त पातळच वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे समजून लस सुरू करतात. नाग आणि मण्यार यांच्या दंशात रक्त गोठते, पण पापण्या जड होऊन मिटू लागतात. म्हणून डॉक्टर डोळ्यांवरही नजर ठेवतात.

तेव्हा कुणाला पान लागले तर धीर द्या. चावलेला हातपाय हलू देऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने लस असलेल्या रुग्णालयात पोहोचा. गावात कुणी काळा दगड घेऊन आलाच, तर त्याच्याशी वाद घालण्यातही वेळ दवडू नका, गाडी काढा.