अल्सरेटिव्ह कोलायटिस : निदान व सांकेतिकीकरण

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराचा दीर्घकालीन दाहक विकार आहे. दाह सामान्यतः गुदाशयापासून सुरू होतो आणि सलगपणे वर पसरतो. रक्त व आवमिश्रित जुलाब, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाची घाई ही याची प्रमुख लक्षणे होत. सॅम्युअल विल्क्स या इंग्लिश वैद्यांनी १८५९ मध्ये या विकाराचे वर्णन केले.

निदान

या विकाराचे निदान कोणत्याही एकाच तपासणीने होत नाही. यवतमाळ जिल्ह्यात, तसेच भारतात इतरत्रही, अमीबाजन्य व जिवाणूजन्य आमांश आणि आतड्याचा क्षयरोग यांची शक्यता आधी तपासावी लागते. अमीबाजन्य आमांशात चुकीच्या निदानामुळे स्टिरॉइड दिल्यास आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. याउलट कोलायटिसला आमांश समजून वारंवार प्रतिजैविके दिल्यास योग्य उपचार लांबतात. म्हणून मलपरीक्षणानंतर कोलोनोस्कोपी व बायोप्सी करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय नसल्याने उमरखेड, वणी, झरी जामणी यांसारख्या तालुक्यांतील रुग्णांना मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. यवतमाळ येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे संलग्न रुग्णालय आहे.

तीव्रता ठरवण्यासाठी ट्रूलव्ह व विट्स यांचे १९५५ मधील निकष वापरले जातात. दिवसाला ६ किंवा अधिक रक्तमिश्रित जुलाब आणि त्यासोबत ताप, जलद नाडी, रक्तक्षय किंवा वाढलेला ईएसआर यांपैकी किमान एक लक्षण असल्यास आजार तीव्र मानतात.

गुंतागुंत

अतिरक्तस्राव, आतडे फुगणे (विषारी महाबृहदांत्र), आतड्याला छिद्र पडणे आणि दीर्घकाळाने होणारा मोठ्या आतड्याचा कर्करोग या प्रमुख गुंतागुंती आहेत. सांधे, त्वचा, डोळे व पित्तनलिका यांवरही परिणाम होऊ शकतो.

सांकेतिकीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या विकाराचा संकेतांक के५१ आहे. त्याचे उपविभाग मुख्यतः दाहाच्या व्याप्तीनुसार आहेत :

- के५१.० : संपूर्ण मोठे आतडे
- के५१.२ : गुदाशय
- के५१.३ : गुदाशय व सिग्मॉइड आतडे
- के५१.५ : मोठ्या आतड्याची डावी बाजू
- के५१.९ : व्याप्ती नमूद नसलेला प्रकार

या आवृत्तीत गुंतागुंत स्वतंत्र संकेतांकाने नोंदवतात. उदाहरणार्थ, दीर्घकालीन रक्तस्रावाने झालेल्या लोहन्यूनताजन्य रक्तक्षयासाठी डी५०.०. अमेरिकेतील सुधारित आवृत्तीत व्याप्ती व गुंतागुंत एकाच संकेतांकात येतात, तेथे के५१.०११ म्हणजे गुदमार्गे रक्तस्रावासह संपूर्ण आतड्याचा दाह. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत मूळ संकेतांक डीडी७१ आहे.

नोंदीचे महत्त्व

संकेतांक देणारा कर्मचारी डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानावरच अवलंबून असतो. केसपेपरवर व्याप्ती लिहिली नसेल, तर के५१.९ हाच संकेतांक उरतो. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात उदरावरणदाह, त्याचे कारण आतड्याला पडलेले छिद्र आणि मूळ कारण अल्सरेटिव्ह कोलायटिस, असा क्रम अपेक्षित असतो. केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिल्यास मूळ आजार आकडेवारीत येतच नाही.