नाळ, धनुर्वात आणि सेंट किल्डा

मंडळी, आज आपण जरा लांब जाऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात सेंट किल्डा नावाचं एक बेट आहे. झाडं नाहीत, वारा मात्र भरपूर. माणसं समुद्रपक्ष्यांवर जगायची, म्हणजे त्यांचं मांस, अंडी, पिसं आणि दिव्याला त्यांचंच तेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली वस्ती शंभराच्याही आतच होती. आणि या एवढ्याशा वस्तीत काही दशकं अशी गेली, की जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं पहिल्या पंधरवड्यातच दगावत.

लोक त्याला 'आठ दिवसांचा आजार' म्हणत. बाळ जन्मतं तेव्हा चांगलं असतं. चार-पाच दिवसांनी ते दूध ओढेनासं होतं, जबडा बसतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. पुढचं सांगायला नको. आपल्याकडे पाचवी पुजतात, सटवाईची रात्र जागवतात. त्यामागे हीच भीती होती असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण ते दिवस धोक्याचे असतात हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा नवजात अर्भकाचा धनुर्वात. त्याचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतो. कापलेल्या नाळेचा उरलेला तुकडा वाळत, कुजत असतो. आत हवा पोचत नाही आणि या जंतूला नेमकं तेच मानवतं. बेटावरच्या सुईणीला त्यांच्या भाषेत 'गुडघ्याची बाई' म्हणत. ती नाळेला फुल्मार पक्ष्याचं साठवलेलं तेल लावायची आणि त्यातूनच जंतू जायचा, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. नंतरच्या अभ्यासकांना हे तितकंसं पटलेलं नाही, आणि मलाही सगळं खापर एका म्हातारीच्या वाडग्यावर फोडणं बरोबर वाटत नाही. सगळा गावच माती आणि खत यांच्यात राहत होता.

आता तारखा पाहा. ग्लासगोच्या रुग्णालयात लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा धुवायला सुरुवात केली १८६५ मध्ये. कितासातोने बर्लिनमध्ये धनुर्वाताचा जंतू शुद्ध रूपात वाढवला १८८९ मध्ये. त्याच वर्षी अँगस फिडीस नावाचे पाद्री सेंट किल्डावर आले. म्हणजे ग्लासगोत जे २४ वर्षं चालू होतं, ते त्याच देशातल्या या बेटावर पोचलंच नव्हतं! मुलं मरतात ही देवाची इच्छा, असं तिथे मानलं जाई. फिडीस स्वतः पाद्री, पण त्यांनी ते मानलं नाही. ग्लासगोला जाऊन नाळेची निगा जंतुनाशक वापरून कशी ठेवायची ते शिकून आले. प्रशिक्षित परिचारिकेला बाळंतिणीच्या घरात शिरू देण्यासाठी लोकांची मनं वळवावी लागली. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते मृत्यू थांबले. १८९५ मध्ये टर्नर या डॉक्टरांनी ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. धनुर्वाताची लस तेव्हा नव्हतीच.

पुढे लस आली, धनुर्वात मागे हटला. पण नाळेतून शिरणारे बाकीचे जंतू राहिलेच, आणि घरी होणारी बाळंतपणंही. 'नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा,' असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. सल्ला सोपा. पण जिथे सासू, सुईण, शेजारीण सगळ्याजणी तेल-हळद घेऊन बसल्यात, तिथे 'काही लावू नका' कोण ऐकणार? नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १५,००० हून अधिक बाळांवर चाचणी झाली. त्यात काही वस्त्यांमध्ये ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने नाळ पुसली. त्या बाळांमध्ये नाळेचा तीव्र संसर्ग ७५ टक्क्यांनी आणि मृत्यू २४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे नेपाळने त्याचा मलम केला. लावायची सवय मोडली नाही, लावायची वस्तू बदलली.

हे सगळीकडे लागू पडलं का? नाही. झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या चाचण्यांत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. तिथे मुळात बालमृत्यू कमी होते आणि बरीच बाळंतपणं दवाखान्यात होत होती. आणखी एक गोष्ट घडली. आफ्रिकेतल्या काही देशांत हे औषध डोळ्यांचं समजून बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं. काहींची दृष्टी गेली. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल इशारा काढावा लागला.