ऑल्टो सॅक्सोफोनचा माउथपीस कसा निवडावा?



पाचवी-सहावीत शाळेतून बँडचा फॉर्म घरी येतो आणि आपल्याकडची बरीच मुले बेधडक ऑल्टो सॅक्सोफोनवर खूण करतात. (वाद्य चकचकीत दिसते आणि पहिल्याच दिवशी काहीतरी आवाज निघतो, हेच कारण असावे!) वाद्य भाड्याने मिळते, दोन वर्षे बरी जातात. मग सातवी-आठवीत कुरकुर सुरू होते. आवाज चिरका येतो, खालचे सूर लागत नाहीत, बँडमध्ये मागच्या खुर्चीवर बसावे लागते, आणि एक दिवस मूल म्हणते, "मला बँड सोडायचाय." आईवडिलांना वाटते की वाद्यच बदलायला हवे, आणि दोन-अडीच हजार डॉलरचा हिशोब घरात सुरू होतो. बँडच्या मुलांच्या पालकांशी बोलून आणि स्वतः ठेचा खाऊन आमचे मत असे झाले आहे की तो हिशोब जरा थांबवावा आणि आधी माउथपीसकडे बघावे.

त्याच्याही आधी दोन गोष्टी. एक म्हणजे रीड. आठवड्यानुआठवडे एकच रीड चोखून चोखून काळपट झालेली असेल, तर कुठलाच माउथपीस धड वाजणार नाही. दुसरी म्हणजे वाद्याच्या गाद्या, म्हणजे पॅड. खालचे सूर अडतात त्याचे कारण पुष्कळदा हवेची गळती हेच असते. वाद्यदुरुस्ती करणारा माणूस नळीत दिवा सोडून ती लगेच दाखवतो. रीड नवी आहे, गळती नाही, तरी आवाज तसाच, तर मग माउथपीस.

सनईत दोन पात्यांची पत्ती ओठात धरतात. सॅक्सोफोनला वेताचे एकच पाते असते आणि दुसऱ्या पात्याचे काम माउथपीस करतो. आवाज जन्मतो तो इथे. पुढची पितळी नळी त्याला आकार देते आणि मोठा करते. त्यामुळे साध्या वाद्यावर चांगला माउथपीस लावला तर फरक लगेच ऐकू येतो, पण महागड्या वाद्यावर वाईट माउथपीस लावला तर पैसे वाया जातात. अडॉल्फ सॅक्स यांनी 1846 साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले, तेव्हा माउथपीसची आतली पोकळी मोठी आणि गोल होती आणि आवाज मऊ होता. पुढे नाचाचे वाद्यवृंद आणि जॅझ आले, मोठ्या आवाजाची गरज पडली आणि पोकळी बदलत गेली.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी कानावर पडतील. पहिली म्हणजे टोकाची फट, 'टिप ओपनिंग'. रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांतले हे अंतर. यामाहाच्या विद्यार्थी वाद्यांबरोबर येणाऱ्या 4सी माउथपीसची फट 1.60 मिलिमीटर असते. सेल्मर एस-80 मालिकेतल्या 'सी स्टार'ची 1.70, तर मेयर 5 ची सुमारे 1.80 आणि मेयर 6 ची सुमारे 1.93. म्हणजे फरक साध्या कागदाच्या एक-दोन घड्यांएवढा! पण ओठांना तो चांगलाच जाणवतो. फट मोठी असेल तर हवा जास्त लागते आणि रीड मऊ घ्यावी लागते. फट लहान असेल तर थोडी कडक रीड चालते आणि सूर स्थिर राहतो. आणखी एक लक्षात ठेवा. हे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात. एका कंपनीचा 5 म्हणजे दुसरीचा 5 नव्हे, म्हणून तुलना नेहमी मिलिमीटरमध्ये करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे 'फेसिंग', म्हणजे रीड टेकते तिथला वक्र किती लांब आहे ते. तिसरी म्हणजे आतली पोकळी आणि तिच्या छताचा उतार, ज्याला 'बॅफल' म्हणतात. छत रीडच्या जवळ असेल तर आवाज झगझगीत आणि धारदार होतो, लांब असेल तर गोल आणि गडद. बहुतेक चांगले माउथपीस एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे असतात. धातूचा माउथपीस म्हणजे वरच्या दर्जाचा, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. आवाज ठरतो तो मुख्यतः आतल्या आकारावर, धातूवर नाही.

याच गैरसमजापायी आम्ही स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहोत. कुणा मोठ्या जॅझ कलाकाराच्या तोंडी सोनेरी माउथपीसचा फोटो पाहिला आणि तसाच, मोठ्या फटीचा, इंटरनेटवरून मागवला. आठवीतल्या मुलाला त्यातून तीन महिने फक्त किंचाळ्या काढता आल्या. बिचाऱ्याला वाटत होते की आपल्यालाच जमत नाही. शेवटी बँडच्या शिक्षकांनी शाळेच्या कपाटातला एक जुना 'सी स्टार' हातात दिला आणि त्याच संध्याकाळी घरात सॅक्सोफोनचा आवाज आला.

मग घ्यावे काय? पहिले वर्ष-दीड वर्ष 4सी पुरे. तो स्वस्त आहे, प्रामाणिक आहे, आणि ओठांची पकड बसेपर्यंत दुसरे काही घेऊन उपयोग नाही. कॉन्सर्ट बँडमध्ये मन रमले, ऑल-स्टेटच्या ऑडिशनचा विचार सुरू झाला, की सेल्मर एस-80 सी स्टार किंवा वँडोरेन एएल-3 यांपैकी एक. या दोन्हींवर सूर जागेवर राहतो आणि परीक्षकांना अपेक्षित असा गोल आवाज येतो. मूल जॅझ बँडमध्ये गेले आणि तिथे टिकले, तर मेयर 5 किंवा वँडोरेनच्या व्ही-16 मालिकेतला मध्यम फटीचा. दोन्ही बँडमध्ये असेल तर दोन माउथपीस ठेवतात, पण आमच्या मते पहिल्या वर्षी जॅझही सी स्टारवर वाजवू द्यावे. किंमत साधारण शंभर ते अडीचशे डॉलरच्या घरात जाते. खरेदीआधी बँड डायरेक्टरला जरूर विचारा. काहींचा ठराविक माउथपीसचा आग्रह असतो आणि तो मोडण्यात अर्थ नाही. ब्रेसेस नुकत्याच लागल्या किंवा निघाल्या असतील तर थोडे आठवडे थांबा. त्या काळात ओठांची पकडच बदलत असते.

दुकानात जाताना स्वतःचा सॅक्सोफोन आणि रुळलेल्या दोन-तीन रीड न्या. दोन किंवा तीनच माउथपीस निवडा, कारण अर्ध्या तासाने ओठ थकतात आणि मग सगळे सारखेच वाटू लागतात. आधी नुसता माउथपीस, वाद्याला न लावता फुंकायला सांगा. ऑल्टोचा सूर तेव्हा साधारण 'ए', म्हणजे आपली पांढरी सहा, यावा असे शिक्षक सांगतात (ट्यूनरवर 880 हर्ट्झ). सूर त्याहून बराच वर जात असेल तर मूल माउथपीस चावते आहे, आणि तो दोष नवीन खरेदीने जाणार नाही. मग वाद्यावर लावून सगळ्यात खालचा सूर हळू आवाजात वाजवून बघा, मधल्या सप्तकातून वर उडी मारून बघा, आणि रोजच्या सरावातले एक गाणे. तुम्ही पाठ करून उभे राहा. कुठला माउथपीस आहे हे न सांगता ऐकलेत तर किमतीचा परिणाम कानांवर होत नाही! शेवटचा शब्द मात्र मुलाचा. पुष्कळ दुकाने काही दिवस घरी वापरून बघायला देतात. परतीचे नियम आधी वाचा.

वापरलेला माउथपीस घ्यायचा असेल तर टोक आणि दोन्ही कडा उजेडात धरून बघा. बारीकसा टवका उडालेला असेल तरी तो चीं-चीं करणार. मागच्या मालकाने घासून फट बदललेली असू शकते, तेव्हा वरच्या आकड्यावर भरवसा नको.

आता आपल्या गाण्याविषयी, कारण हा प्रश्न प्रत्येक गणेशोत्सवाच्या तालमीत येतो. आजोबा पेटीवर बसतात, नातू सॅक्सोफोन काढतो, आणि दोघे 'सी' वाजवतात तेव्हा भलतेच काहीतरी ऐकू येते. यात माउथपीसचा दोष नाही. ऑल्टो हे ई-फ्लॅटचे वाद्य आहे. मुलाच्या कागदावरचा 'सी' म्हणजे पेटीवरची काळी दोन. गाणारे काळी दोनमध्ये गात असतील तर नातवाचे काम सगळ्यात सोपे. मींड आणि गमक हे बरेचसे ओठ आणि घशाचे काम आहे, आणि फार लहान फटीवर सूर वाकवायला जड जातो. सी स्टार ते मेयर 5 या टप्प्यात ते शिकता येते. कद्री गोपालनाथ यांनी (निधन 2019) याच ऑल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत उभे केले आणि 1994 साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये वाजवले. इथे कोलोरॅडोत वाढलेले जॅझ वादक रुद्रेश महंतप्पा यांनी त्यांच्याबरोबर 2008 साली 'किन्समेन' हा अल्बम केला. मुलांना तो जरूर ऐकवा. आणि आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकला की आईवडीलही ऐकायला बसतात, असा अनुभव आहे.

निगा सोपी आहे. वाजवून झाले की रीड काढून ठेवा, माउथपीस कोमट पाण्याने धुवा. गरम पाणी नको. एबोनाइट हिरवट-तपकिरी पडते आणि गंधकाचा वास येतो. उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. बुचाला अधूनमधून ग्रीस लावा, म्हणजे माउथपीस पिळून बसवताना नेक वाकणार नाही.

ज्यांची मुले कॉलेजला गेली आणि ज्यांच्या घरी खणात माउथपीस पडून आहेत, त्यांनी ते मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आणावेत. लहान मुलांना खरेदीआधी फुंकून बघता येतील. फक्त आधी धुऊन आणा, आणि रीड ज्याची त्याने आणावी.