सुंदा व मलाय पात्यांची ओळख

जावा बेटाच्या पश्चिम भागांत सुंदा लोकांची वस्ती आहे. 'कुजंग' नांवाचें बांकदार पातें हें आज त्यांच्या अभिमानाचें चिन्ह होऊन बसलें आहे. पश्चिम जावा प्रांताच्या बोधचिन्हांत तें आहे. बोगोर शहरांत १९८२ सालीं उभारलेल्या स्तंभाच्या शिरावरहि तेंच आहे. पजाजरन राज्याचें तें राजशस्त्र, अशी त्याची ख्याति. जुना लेख मात्र निराळेंच सांगतो.

'सिक्सा कंदंग करेसियन' ही जुन्या सुंदा भाषेंतील पोथी. तिचा काल शून्य, चार, सागर व चंद्र अशा शब्दांकांनीं दिला आहे. संस्कृत ग्रंथांच्या रीतीप्रमाणें हे अंक उलट क्रमानें वाचले म्हणजे शक १४४०, अर्थात् इ. स. १५१८, हें वर्ष येतें. पोथींत हत्यारांचे तीन वर्ग केले आहेत. तरवार, गोलोक नांवाचा कोयता व केरिस ही कट्यार, हीं राजाचीं. कुजंग, कुऱ्हाड व खुरपें हीं शेतकऱ्याचीं. आणि तासण्याकोरण्याच्या लहान सुऱ्या पंडिताच्या. राजाचीं शस्त्रें मारण्यासाठीं, म्हणून त्यांचें दैवत राक्षस; शेतकऱ्याचीं अन्नपाणी मिळविण्यासाठीं, म्हणून त्यांचें दैवत दैत्य; आणि पंडिताच्या सुऱ्यांचें दैवत दानव. कुजंग राजाच्या यादींत नाहीं! शेतांत राबणारें हत्यारच पुढें प्रतिष्ठेस चढलें, असा याचा अर्थ दिसतो. तेव्हां केवळ नक्षीदार, भोंकें पाडलेलें कुजंग जमविणाऱ्या संग्राहकाच्या हातीं त्याचा अर्धाच इतिहास येतो.

केरिसची पारख याहून अवघड. ही दुधारी कट्यार मुळाशीं एका बाजूस अधिक रुंदावते; पातें सरळ वा नागमोडी असतें आणि वळणांची संख्या बहुधा विषम असते. परंतु जावी, बुगी व मलाय लोकांत व्यापार आणि स्थलांतर सतत चालू असल्यामुळें एका देशीचें पातें दुसऱ्या देशीच्या म्यानांत सांपडतें. म्हणून पातें, मूठ व म्यान हीं तिन्ही वेगवेगळीं तपासावीं लागतात. मलाय मुठीचा एक प्रसिद्ध प्रकार 'जावा देमाम', म्हणजे तापानें कुडकुडणारा जावी, या गमतीच्या नांवानें ओळखला जातो. ती मूठ पोंक काढून बसलेल्या माणसासारखी दिसते. लोखंडाच्या थरांतून उमटणारी 'पामोर' ही नक्षी लिंबाचा रस व सोमल यांनीं उजळतात; पातें घासून लखलखीत केलें तर हीच खूण पुसट होते.

खूण व कागद यांचें मोल किती, हें जावी राजपुत्र दिपोनेगोरो याच्या केरिसवरून कळतें. १८३० सालीं डचांनीं त्याला कैद केलें. त्याची केरिस हॉलंडच्या राजाकडे गेली आणि पुढें संग्रहालयांतील असंख्य केरिसांत तिची ओळख हरवली. अखेर जुन्या लेखी साक्षींचा आधार घेऊन ती निश्चित झाली आणि मार्च २०२० मध्यें इंडोनेशियास परत मिळाली. चित्रकार रादेन सालेह याचें टिपण त्या साक्षींत होतें.

पातें कोठें मिळालें, कोणी वापरलें व कशासाठीं, ह्या तीन गोष्टी ज्या संग्राहकानें लिहून ठेविल्या, त्यानें लोखंडाबरोबर माणसांचा इतिहासहि राखला. ज्यानें त्या लिहिल्या नाहींत, त्याच्या कपाटांत केवळ धारदार लोखंड उरलें.